उलटा शोध: क्वेऱ्या टेबलात, मजकूर दारात

पाणीबंदीच्या निवेदनांचा खेळ थोडा पुढे सरकलाय. नव्या मंडळींसाठी: पुण्यात जलकेंद्रांच्या दुरुस्तीला पाणी बंद राहतं, बहुधा गुरुवारी, आणि निवेदनात भागांची ही लांबलचक यादी. मित्रांच्या क्वेऱ्या ('कोथरूड' & 'पाणीपुरवठा' वगैरे) पोस्टग्रेस डेटाबेसच्या टीएसक्वेरी (साठवलेली शोध-अट) कॉलमात आहेत. त्यात & म्हणजे 'आणि', | म्हणजे 'किंवा'. नवं निवेदन आलं की कोणाला कळवायचं ते शोधायचं.

नेहमीचा जिन इंडेक्स (शब्द पटकन शोधायची सूची) इथे निरुपयोगी. तो मजकुरावर असतो, आणि आपल्याकडे मजकूर एक, क्वेऱ्या ढीगभर. टीएसक्वेरीवर जिस्ट इंडेक्स (दुसऱ्या प्रकारची सूची) लागतो, पण त्याला @@ (मजकूर क्वेरीशी जुळतो का) कळत नाही, फक्त <@ आणि @>. हे दोघं एका क्वेरीचे सगळे शब्द दुसरीत आहेत का एवढंच बघतात; मध्ये & आहे की | याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. 'कोथरूड' | 'कर्वेनगर' मधला एकच शब्द निवेदनात असला की जुळायला हवी ती क्वेरी गळते. पोस्टग्रेसच्या 'रम' एक्स्टेंशनमध्ये मजकुरावरून क्वेऱ्या शोधायची नेमकी सोय आहे, पण भाड्याच्या सर्व्हरवर ते चढवू देत नाहीत.

म्हणून प्रत्येक क्वेरीला एक खुंटा ठरवला: ज्याच्याशिवाय ती जुळूच शकत नाही असा शब्द. & असेल तर त्यातला सर्वांत दुर्मीळ, | असेल तर प्रत्येक फांदीला एकेक. खुंटे वेगळ्या टेबलात, त्यावर साधा बी-ट्री इंडेक्स. निवेदनातले शब्द त्या टेबलाशी जोडायचे आणि उरलेल्या मोजक्या क्वेऱ्यांवरच @@ चालवायचं. नुसत्या नकाराच्या क्वेऱ्यांना खुंटाच नसतो. त्या दरवेळी तपासतो. (अशी क्वेरी देणारा एकच मित्र आहे, आणि तो मुद्दाम देतो.)

खरी मारामारी मराठीशी. पोस्टग्रेसमध्ये 14 व्या आवृत्तीपासून हिंदीचा स्टेमर (शब्दाचं मूळ रूप काढणारा) आहे, मराठीचा नाही. त्यामुळे 'सिंपल' कॉन्फिगरेशन (शब्द आहे तसाच ठेवणारं), आणि पाणी, पाण्याचा, पाण्यामुळे हे तीन परके शब्द. 'पाण':* (म्हणजे 'पाण'ने सुरू होणारं काहीही) लिहिलं की तिन्ही सापडतात, पण पाणबुडी आणि पाणिनीही येतात. ते चालवून घेतो, सोबत 'बंद' असतंच. खुंट्यांची मात्र युक्ती जमली: खुंटा आणि निवेदनातला शब्द दोन्ही पहिल्या तीन कॅरेक्टरवर कापायचे. मात्रा वेगळी मोजली जाते, म्हणून 'पाण' म्हणजे बरोबर तीन. त्याहून आखूड उपसर्ग क्वेरीत घेतच नाही. कापल्यामुळे जादा उमेदवार येतात, त्यांना @@ गाळतं.

वडगाव शेरी आणि वडगाव बुद्रुक शहराच्या दोन टोकांना. तिथे 'वडगाव' <-> 'शेरी' (लगोलग येणारे दोन शब्द) असंच लिहायला लावलंय.

आता मराठीची हनस्पेल (स्पेलिंग तपासणीची) फाइल डिक्शनरी म्हणून लावून बघतोय. कोणी लावली असेल तर 'पुण्यात' चं 'पुणे' होतं का, तेवढं सांगा.