हरवला का चोरीला गेला?

"'चोरीला' नको, तक्रारीत 'हरवला' लिही. लवकर काम हुतंय!" कोल्हापुरात महाद्वार रोडवर मोबाईल गेलेल्या पोराला एकजण सांगत होता.

ते वाक्य दिवसभर डोक्यातनं जाईना. खिशातनं मारलेला फोन 'हरवला' लिहिला तर गुन्हाच नोंद होत नाही, मग तपास कशाचा? चोरीची माहिती ऑनलाइन देता येते. फक्त ३ दिवसांत पोलीस ठाण्यात जाऊन सही करायची, नवीन कायद्याचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३.

मग तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि बॉक्सवरचा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घेऊन सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर फोन ब्लॉक करायचा. ओटीपीसाठी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम आधी काढा. त्यावर पहिले २४ तास एसएमएसच येत नाहीत. बरेचजण इथंच अडकतात आणि नाद सोडतात.

तुमच्या फोनचा बॉक्स आहे का घरात?