सव्वासातची रांग

बोटीवर कामाला असतो म्हटलं की गावात पहिला प्रश्न पगाराचा आणि दुसरा, 'बोट लागत नाही का रे?' एवढ्या माणसांना एका वेळी जेवायला कसं घालता, हे कुणी विचारत नाही. खरं उत्तर असं की घालत नाही. जागाच नसते. मुख्य डायनिंग रूममध्ये साधारण निम्मी बोट बसते, म्हणून जुन्या काळापासून दोन पंगती: पहिली साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला, शेजारी बसणारी माणसंही ठरलेली. थिएटरचे शोसुद्धा त्याच बेताने लावतात. पहिली पंगत जेवून शोला जाते, दुसरी शो बघून जेवायला येते.

२००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाइल' म्हणून ही पद्धत मोडली आणि मग बहुतेकांनी वेगवेगळ्या नावांनी तेच आणलं. हवं तेव्हा या, हवं त्याच्याबरोबर बसा. आमच्या बोटीवर दोन्ही चालतं. खालच्या डेकवर पंगती, वरच्या डेकवर साडेपाच ते नऊ फ्लेक्सिबल. ही गोष्ट घडली त्या कॉन्ट्रॅक्टला मी वरचा हेड वेटर होतो.

फ्लेक्सिबल म्हणजे काय, ते बुकिंग करणाऱ्या एजंटला ठाऊक नसतं आणि पाहुण्याला तर नसतंच. पाहुण्याला वाटतं, आपण मोकळीक विकत घेतली. पण ही मोकळीक सगळेजण सव्वासातलाच वापरतात. साडेपाचला माझ्याकडे निम्मी टेबलं मोकळी असतात, वेटर नॅपकिनच्या घड्या घालत उभे असतात. सात वाजून दहा मिनिटांनी लिफ्ट उघडते आणि त्यातून सबंध बोट बाहेर पडते. खालच्या पंगतीचं गॅलीला, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघराला, आधी ठाऊक असतं की सहा वाजता सूप जाणार आणि पावणेसातला मेन कोर्स. वरच्यासाठी तसं काही सांगता येत नाही, आणि आधीच करून ठेवायचं म्हटलं तर गरम पदार्थ ५७ अंशांच्या खाली जाऊन चालत नाही. अमेरिकन आरोग्य खात्याची माणसं न सांगता बोटीवर चढतात, तपासतात, १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा खाली आलात की नापास, आणि तो निकाल जगाला दिसतो. त्यामुळे शेफ आगाऊ काही करून ठेवायला तयार नसतो. त्याचंही चुकत नाही. रांगेसमोर तोंड मात्र आम्हालाच द्यावं लागतं.

त्यातही मोठा ग्रुप हे फ्लेक्सिबलचं सगळ्यांत अवघड काम. दोघांचं टेबल कुठेही निघतं. चौदा जणांसाठी आठाचं आणि सहाचं अशी दोन शेजारची टेबलं एकाच वेळी मोकळी लागतात. सहाचं आधी उठलं तर ते वीस-वीस मिनिटं रिकामं धरून ठेवायचं, आणि रांगेतलं प्रत्येक जोडपं बोट दाखवून विचारणार, 'ते काय, रिकामंच तर दिसतंय!' या गोष्टीतला ग्रुप असाच चौदा जणांचा होता.

जुलै महिना. फ्लोरिडाहून निघून जमैका, ग्रँड केमन, कोझुमेल आणि परत, अशी सात रात्रींची फेरी. न्यू जर्सीचं मराठी कुटुंब. मुलगा, सून, मुलगी, जावई, व्याही-विहीण, मुलाचे एक मित्र सहकुटुंब, नातवंडं, आणि साताऱ्याहून आलेले आजी-आजोबा. माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचून आजोबांनी पहिल्याच रात्री विचारलं, "सिंधुदुर्गातला का रे तू? कुठला?" मी म्हटलं, वेंगुर्ल्याचा. "वेंगुर्ला डेपो. मुक्कामी गाडी असायची आमची," ते म्हणाले. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला माणूस. मनगटावर एचएमटीचं घड्याळ, गळ्यात तुळशीची माळ.

मुलगा भला माणूस. पण सहलीचं सगळं त्याने एक्सेलमध्ये मांडलेलं, कोण कुठे कधी, आणि जेवणाच्या रकान्यात सात दिवस एकच नोंद: ७.१५. फ्लेक्सिबलमध्येही वेळ राखून ठेवता येते, ती त्याने राखली होती. पण ही राखीव वेळ म्हणजे तुम्ही आलात की तुमचा नंबर आधी, एवढंच. टेबल त्या मिनिटाला रिकामं मिळेल याची हमी नव्हे. बुकिंगच्या पानावर हे अशा अक्षरांत लिहिलेलं असतं की ते वाचायला चष्मा आणि संशयी स्वभाव दोन्ही लागतात.

सोमवारी समुद्रातला दिवस आणि फॉर्मल नाइट. सूट, गाऊन, जिन्यावर फोटो. फोटोवाल्यांनी सोडलं की सगळे एकदमच जेवायला. चौदांचं सहाचं टेबल मोकळं झालं होतं. आठाच्या टेबलावर मात्र एका वाढदिवसाच्या मंडळींनी दुसऱ्यांदा डेझर्ट मागवलं होतं. उठा असं पाहुण्याला म्हणता येत नाही. बिल पुढे सरकवायची सोयही नाही, कारण बिलच नसतं. पाण्याचे ग्लास उचलायचे, टेबलावरचे चुरे पुसायचे, एवढंच हाती. माझ्या इंडोनेशियन वेटरने ते दोनदा केलं.

साडेसात झाले, पावणेआठ झाले. मी मधूनमधून जाऊन 'पाच मिनिटं' म्हणत होतो. तेवढ्यात आजी एकदम म्हणाल्या, "अहो, घाम का आलाय एवढा तुम्हाला?"

आजोबा भिंतीला टेकले होते. एसी इतका गार की बायका शाली ओढून उभ्या, आणि यांच्या कपाळावरून घामाच्या धारा. हात थरथरत होते. मी नाव विचारलं तर म्हणाले, "कंट्रोल केबिन बंद आहे." आजींनी मला एका वाक्यात सांगितलं, पावणेसातला इन्सुलिन घेतलंय. ते मिश्र इन्सुलिन घेत, जेवणाआधी अर्धा तास टोचायचं. मुलाने सव्वासात सांगितलेलं, म्हणून यांनी घड्याळ बघून बरोबर पावणेसातला केबिनमध्ये टोचून घेतलं. त्याला आता तासाच्या वर होऊन गेला होता आणि पोटात अन्न नव्हतं, म्हणजे साखर उतरत होती. आजींच्या रोजच्या पिशवीत खडीसाखर असते, पण सुनेने त्या रात्री साडीवर शोभेल अशी मण्यांची चिमुकली पर्स हातात दिली होती. तिच्यात केबिनचं कार्ड आणि रुमाल, बस.

बारवरून संत्र्याचा रस आणला, कॉफीच्या ट्रेमधून साखरेच्या पुड्या आणल्या, फोडून त्यातच ढवळल्या. गिळता येत होतं म्हणून घोट-घोट पाजलं. असिस्टंट वेटरने तोवर मेडिकलला फोन लावला होता. फिलिपिन्सचं बावीस-तेवीस वर्षांचं पोर, एरवी ट्रे वाकडा धरतं म्हणून मी त्याच्या मागे लागलेला असतो. नर्सने येऊन बोटाला टोचलं तर साखर पन्नाशीत. दुसरा ग्लास, बिस्किटं. पंधरा-वीस मिनिटांनी आजोबांनी डोळे पुसले आणि पहिली गोष्ट विचारली, "टेबल लागलं का?"

लागलं होतं. वाढदिवसवाले दोन मिनिटांपूर्वीच उठले होते.

रात्री दहानंतर मी गोयंकाराला गाठलं. तो खालचा हेड वेटर. त्याच्या घरात तीन पिढ्या तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, आणि पंगतीवर त्याची अशी श्रद्धा की फ्लेक्सिबलला तो 'बाजार' म्हणतो. अहंकार डोक्याएवढा, पण काम चोख. पहिली पंगत भरलेली, वेटिंग लिस्ट लागलेली. मात्र त्याला आपली टेबलं पाठ. म्हणाला, आठाच्या एका गोल टेबलावर दोघे जण दोन्ही रात्री आलेच नाहीत. त्याने केबिनला फोन केला. त्यांनी वरच्या पैशांच्या रेस्टॉरंटचं पॅकेज घेतलं होतं, खाली येणारच नव्हते. कॉम्प्युटरमध्ये टेबल भरलेलं, प्रत्यक्षात दोन खुर्च्या रिकाम्या. आमचा मॅनेजर दिवसभर त्या स्क्रीनकडे बघत असतो, आणि या दोन खुर्च्या सापडल्या त्या एका गोयंकाराच्या डोक्यात.

मंगळवारपासून आजी-आजोबा खाली, पावणेसहाला. इन्सुलिन सव्वापाचला. सूप सहाच्या आत समोर. माळकरी माणूस, म्हणून उद्याचं जेवण आदल्या रात्रीच लिहून घ्यायचं: वरण, भात, पोळी, एक भाजी. आमच्या गॅलीतला कोलकात्याचा कुक वरणात साखर घालतो. त्याला मी स्वतः जाऊन सांगितलं की या माणसाच्या वरणात गोड घालशील तर बघ.

खालच्या टेबलावर टेक्सासचं जोडपं, ओहायोच्या दोन निवृत्त शिक्षिका आणि आणखी दोघी बहिणी. मला वाटलं होतं, आजोबा दोन दिवसांत कंटाळतील. पण टेक्सासवाल्याला ऐकू कमी यायचं आणि आजोबांचं इंग्रजी कमी, त्यामुळे दोघेही मोठ्यांदा आणि थोडक्यात बोलायचे. छान जमलं. बुधवारी केमनला बोट बाहेर नांगरून उभी राहते, माणसं छोट्या लाँचने किनाऱ्यावर जातात-येतात. उन्हाळ्यात ही बेटं फ्लोरिडाच्या एक तास मागे. बोटीचं घड्याळ फ्लोरिडाचंच, पण लोकांचे फोन आपोआप तासभर मागे जातात. त्या दिवशी पहिली पंगत अर्धी ओस. आजोबांचं टेबल मात्र भरलेलं. सकाळीच ते शिक्षिकांना म्हणाले होते, "नो मोबाइल. सी माय वॉच." हे मला गोयंकाराने सांगितलं, खूश होऊन.

गुरुवारी मुलगा माझ्याकडे आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "वर्षातून एकदा आईबाबा येतात. सगळ्यांनी एकत्र जेवावं म्हणून हा खटाटोप केला. आणि तुम्ही त्यांना परक्या माणसांत नेऊन बसवलंत."

मी म्हटलं, "सर, सगळे सहाला वर या. त्या वेळी दोन्ही टेबलं मोकळी असतात, मी धरून ठेवतो. इन्सुलिनचाही प्रश्न मिटेल." त्याने फोन काढून रकाने बघितले. मुलांचं पूल, मित्राचा टेनिसचा तास, व्याह्यांची झोप. सहा कुणालाच जमत नव्हतं. मग म्हणाला, बाबांनाच विचारतो.

विचारलं. मी तिथेच होतो, जावं की थांबावं कळत नव्हतं. आजोबा म्हणाले, "अरे, मी इथं बरा आहे. तुमचं चालू दे." आजी काहीच बोलल्या नाहीत. त्या रात्रीपासून त्यांनी आपली वाट काढली. खाली नवऱ्याबरोबर नुसतं सूप घ्यायचं आणि सव्वासातला वर येऊन मुलांबरोबर जेवायचं. दोन डेक, दोन पंगती, आणि गुडघे दुखत असताना. त्यासाठी आमच्या सिस्टीममध्ये पर्याय नाही. मी आणि गोयंकाराने दोन्हीकडे त्यांची खुर्ची दाखवली आणि गप्प बसलो.

शनिवारी शेवटची फॉर्मल नाइट, लॉबस्टरची, रांग जिन्यापर्यंत. मुलगा सहाच्या सुमारास खाली गेला आणि बाबांच्या टेबलाला खुर्ची जोडता येईल का, असं त्याने विचारलं. टेबल आठाचं, आठही जण बसलेले. गोयंकार नियमाचा पक्का, पण त्याने नववी खुर्ची घातली. मुलगा बसला, काही न खाता. टेक्सासवाला त्याला मोठ्यांदा सांगत होता, "युअर डॅड रन्स धिस टेबल." मी वर होतो. हे सगळं गोयंकाराच्या तोंडून ऐकलेलं, त्यामुळे थोडं तिखट-मीठ लागलेलं असणार.

टेबल बदलाच्या नोंदीत कारण लिहावं लागतं. मी 'वैद्यकीय' असं लिहिलं आणि ते खोटं नव्हतं. पण गुरुवारी आजोबांनी जे सांगितलं, त्याला इन्सुलिन कारण होतं का? तेव्हा मी सहाची सोय करून देत होतो, आणि तिच्याबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. वरच्या टेबलावर त्यांच्यासमोर वरण यायचं आणि भोवतीने शाळा, घरांचे हप्ते, कुणाचं ग्रीन कार्ड असं चालायचं. खाली त्यांना कुणी तरी, तुमच्या डेपोत किती गाड्या होत्या, असं विचारत होतं. हे माझं अनुमान. आजोबा यावर माझ्याशी काही बोलले नाहीत. रविवारी उतरताना हातात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवली आणि वेंगुर्ल्याला माझ्या घरी जायला कुठली गाडी सोयीची, ते मलाच समजावून सांगितलं.

पुढच्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने पाहुण्यांचे अभिप्राय वाचले. मुलाने लिहिलं होतं की बोटीने आमचं कुटुंब दोन मजल्यांवर वाटलं, आणि माझं नाव घातलं होतं. टेक्सासच्या बाईंनी लिहिलं होतं की आजवरच्या क्रूझमधली ही सर्वांत चांगली टेबलसोबत, आणि त्यातही माझं नाव, स्पेलिंग चुकवून. मॅनेजर म्हणाला, एक वजा, एक अधिक, हिशेब शून्य. पुढचा मुद्दा, सॅलडच्या प्लेटा.

आता पहिल्या दिवशी दुपारी जेवणाची वेळ बदलायला लोक माझ्या डेस्कशी येतात, तेव्हा मोठा ग्रुप असेल तर मी एक प्रश्न जास्तीचा विचारतो. आधी सरळ विचारायचो, तुमच्यात इन्सुलिन कोण घेतं? मॅनेजरने ते बंद केलं. पाहुण्याला आजार विचारायचा नाही, नियमात बसत नाही. म्हणून आता म्हणतो, "तुमच्यापैकी कुणाला ठरलेल्या वेळेलाच जेवावं लागतं का?" बहुतेक वेळा बुकिंग करणारा हसतो आणि म्हणतो, "छे, सुट्टीवर आलोय आम्ही." मी मान हलवतो आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघतो.