लाल रेघवाली द्या

दहा जणींच्या हाती कॅमेरे दिले तेव्हा मला वाटलं होतं, औषधाच्या दुकानांचे फोटो येतील. आले बैलांचे.

बीडकडून कोल्हापूर भागात ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांतल्या या बायका. आमचा विषय अँटिबायोटिक. प्रश्नावली घेऊन गेलं की लोक आपल्याला आवडेल तेच उत्तर देतात, म्हणून ही फोटोंची रीत. 1990 च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वाँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांना कॅमेरे दिले, तिथून ती आली. सूचना एकच: गोळ्या-औषधांशी संबंध वाटेल त्याचा फोटो काढा, चेहरे नकोत. तळावर वीज नाही, चार्जिंगसाठी ट्रॅक्टरवाल्यांच्या मिनतवाऱ्या, ते सोडून देते.

एक मात्र सांगते. फोटो मी फोनवर दाखवत नाही. प्रिंट काढते आणि मधोमध खताच्या पोत्यावर पसरते. फोनवर एकजण बघते आणि बाकीच्या माना डोलावतात. कागद हातात आला की, "अगं, हा माझ्या कोपीतला आहे," म्हणून भांडण लागतं, आणि खरं काय ते त्या भांडणात कळतं. ऑफिसात याला माझी खर्चिक हौस म्हणतात. म्हणोत.

तर बैल. "बैलाला टोचायला डॉक्टर तळावर येतो मॅडम. आम्हाला गावात जावं लागतं." गावात गेलं की खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकजण आडवं झालं की दुसऱ्याची तोडही अडते, आणि दवाखान्याचे पैसे मुकादमाकडून घेतले की ते उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या कर्जात, चढतात. "पाच दिवस गोळ्या कोण खातंय? उभं राहता आलं की बास." कोर्स पूर्ण करा म्हणणाऱ्या आमच्या पोस्टरवर कोयत्याचा हिशेब कुठेच नाही. पोस्टर करणारे कधी फडात आलेच नाहीत.

मग त्यांच्यातल्या एकीचा फोटो आला. हळदी-कुंकवाचा डबा, त्यात कात्रीने कापलेला पाकिटाचा तुकडा. दोन घरांपैकी एक रिकामं, एकात गोळी. औषधाचं नाव अर्धं तुटलेलं, 'थ्रोमायसिन 500' एवढंच उरलेलं. तारीख दुकानातल्या तुकड्यावर राहिली असणार. कडेला लाल रेघ मात्र शाबूत.

"ही रेघ बघून घ्यायची," ती बाकीच्यांना समजावत होती. "रेघवाली गोळी कडक असती. बिनरेघेची दिली तर परत द्यायची, म्हणायचं, लाल रेघवाली द्या."

2016 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या रेघेची मोहीम काढली होती. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. आणि इथे ती गोळीची शिफारस झाली होती. बायका माना डोलवत होत्या. मी गप्प. बैठकीत ऐकायचं, शिकवायचं नाही, हा नियम मीच नव्या मुलांना घोकून घेते.

"मग ही एक का ठेवली?"

"पोरीला. कालपासून ताप हाय. अर्धी देते रातच्याला."

पोरगी सहा वर्षांची.

बैठक आवरल्यावर तिला बाजूला घेतलं. रेघेचा अर्थ सांगितला, मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका म्हटलं, सकाळी गाडी आणते, आरोग्य केंद्रात नेऊ. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चिठ्ठी लागती, तर दुकानदार देतोच कशी?"

मी काहीतरी बोलले. तेवढ्यात मुकादमाची हाक आली, ट्रक भरायचा होता.

सकाळी नऊला गाडी घेऊन गेले तर कोपीला झाप लावलेलं. टोळी चारलाच फडात गेलेली, पोरगीही बरोबर. शेजारच्या कोपीतली म्हातारी म्हणाली, "ताप उतरलाय तिचा."

कशाने, ते मी विचारलं नाही.