पश्चिमेची भिंत

माझ्या मावशीला छत्रपती संभाजीनगरच्या कडेला एका घरकुल योजनेत सहाव्या मजल्यावर घर मिळाले. गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. रात्री अकरा वाजता झोपण्याच्या खोलीच्या पश्चिम भिंतीला हात लावला, तर ती अजून ऊबच सोडत होती. "दिवसा निभतं रे, पण रात्री ही भिंत झोपू देत नाही," मावशी म्हणाली.

गावाकडे तिचे घर माळवदाचे होते. बैठ्या घरात ऊन मुख्यतः वरून येते, म्हणून माळवदावर मातीचा जाड थर असे. उंच इमारतीत छताचा ताप फक्त शेवटच्या मजल्याला होतो. बाकी सर्वांना तो भिंतीतून होतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे 20 अंशांवर राहतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन मात्र कलते असते आणि छज्ज्याखालून सरळ आत शिरते. मावशीच्या इमारतीच्या भिंती साच्यात सलग ओतलेल्या काँक्रीटच्या, जेमतेम पाच-सहा इंचांच्या आहेत. दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत शोषलेली उष्णता त्या काही तासांनी आत सोडतात, म्हणजे नेमक्या झोपेच्या वेळी.

काँक्रीटला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंती अंगावर कोसळून हजारो माणसे गेली. त्यानंतर मराठवाड्याने काँक्रीटवर विश्वास टाकला, तो रास्तच आहे. परंतु खांब-तुळया काँक्रीटच्या ठेवून मधल्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांनी भरलेल्या हलक्या सिमेंटी ठोकळ्यांच्या, बांधल्या, तर इमारतीचे वजन घटते आणि उष्णताही अडते, कारण काँक्रीटमधून उष्णता त्या ब्लॉकच्या कितीतरी पट वेगाने वाहते. 2018 च्या इको-निवास संहितेने, म्हणजे घरांतील ऊर्जाबचतीसाठीच्या केंद्र सरकारच्या नियमावलीने, भिंती-खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरमागे 15 वॅटची मर्यादा घातली आहे. ती पाळायची तर इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे ठेवणे आणि पश्चिमेला जिना, न्हाणीघर यांसारख्या जागा देणे, हे नकाशावरच ठरावे लागते.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. सिंगापूरच्या जुन्या सरकारी इमारतींत एका बाजूने सामाईक गॅलरी असे, त्यामुळे घरातून वारा आरपार जाई. तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो, म्हणून खिडक्या सदैव उघड्या चालतात. आपल्याकडे मेमध्ये दुपार चाळिशीच्या पुढे जाते आणि पहाटे हवा बरीच निवते. म्हणून दिवसा घर बंद आणि रात्री सताड उघडे, हीच आपली रीत. मावशीच्या मजल्यावर मधोमध बोळ आणि दोन्हीकडे घरे आहेत. खिडक्या एकाच बाजूला असल्याने रात्रीचा गार वारा आत येत नाही. कूलरलाही हवा बाहेर जायला वाट लागते. ती नसल्याने खोली नुसती दमट होते. शिवाय ज्या मराठवाड्यात 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे प्रत्येक घराचा गारवा कूलरच्या टाकीवर अवलंबून ठेवणे मला मुळातच पटत नाही.

जूनपूर्वी आम्ही खिडकीच्या बाहेरून, काचेपासून वीतभर अंतर सोडून, बांबूचा पडदा लावला. खिडकी सावलीत आली. भिंत तशीच उघडी आहे, कारण सहाव्या मजल्यावर बाहेरून ती झाकण्याची सोय घरात राहायला आलेल्या माणसाच्या हाती नसते.