ओमेगा-४ रिले ओलांडण्याआधी

आजचा दिवस मास इफेक्ट २ च्या शेवटच्या मोहिमेत गेला, म्हणजे ओमेगा-४ रिले या अंतराळद्वारातून शत्रूच्या तळावर जाण्यात. २०१० चा गेम, तरी जीव अजून तितकाच टांगणीला लागतो. जहाजाचं चिलखत, शील्ड आणि थॅनिक्स तोफ, तिन्ही आधी बसवा. एक राहिलं तरी वाटेतच साथीदार जातो. मग साथीदारांना कामं वाटा: व्हेंटमध्ये (हवेच्या बोगद्यात) टाली किंवा लीजन, दुसऱ्या तुकडीच्या नेतृत्वाला गॅरस, बायोटिक (मनशक्तीच्या) कवचाला जॅक किंवा समारा. सगळ्यांची लॉयल्टी मिशन्स, म्हणजे त्यांची निष्ठा मिळवून देणारी खासगी कामं, झालेली हवीत.

मॉर्डिन हा साथीदार अनेकांच्या हातून मागची फळी सांभाळताना जातो, कारण तिथे उरलेल्यांच्या बचावशक्तीची सरासरी कमी पडली की बळींच्या क्रमात पहिला तोच. इतका गोड माणूस! त्याला शत्रूच्या तळावरून सोडवलेल्या जहाजाच्या क्रूसोबत परत पाठवा. ग्रंट, झईद या साथीदारांना मागच्या फळीत ठेवा. क्रू पळवला गेल्यावर एकही मिशन न घेता थेट निघा, तरच क्रूमधली केली वाचते.