आठ कुठं गेला?

आठवीत असताना गणिताच्या सरांनी फळ्यावर ओळीनं नऊ एक काढले, १११११११११, आणि म्हणाले, "वर्ग काढा."

आम्ही वह्या आडव्या धरल्या. तीच ओळ नऊदा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडं सरकवून. मग उभ्या रांगांतले एक मोजायचे: उजवीकडं एक, शेजारी दोन, तीन… मधोमध नऊ, तिथून पुढं उतार. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१.

"आता वाच." कोटीपर्यंत गाडी नीट आली, पुढं रुतली. मग सरांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली नावं म्हणून घेतली: आठ अब्ज, सात खर्व, सहा निखर्व, पाच महापद्म, चार शंकू, तीन जलधी, दोन अंत्य, एक मध्य. परार्धाला एकच घर कमी! तालमीत जाणाऱ्या आमच्या एका दांडग्या दोस्ताला त्या दिवशी 'महापद्म' हे नाव पडलं, ते अजून सुटलेलं नाही.

अशा संख्यांना 'डेम्लो' म्हणतात. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना त्या डोंबिवली स्टेशनवर सुचल्या, आणि डेम्लो हे त्या स्टेशनचंच तेव्हाचं नाव. शाळामास्तरानं एवढं नाव काढलं, हे सांगताना सरांचा आवाज जरा चढायचा.

मला मात्र चेव आला. दहा एक घेतले तर मध्ये १० बसणार, म्हणून पैज लावली, खासबागेजवळच्या भेळेची. दहा ओळी मांडल्या. मधल्या रांगेत दहा भरले. शून्य लिहिलं, हातचा एक. तो डावीकडच्या नवात मिळून पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो गेला आठात, आठाचे झाले नऊ. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१.

सर वहीवर वाकले. "चढताना तुझा आठ कुठं गेला रे?"

माझं चुकलं होतं, पण बरोबर कुणाचंच नव्हतं. त्यामुळं भेळ कुणी द्यायची यावर मधल्या सुट्टीत भांडण झालं. शेवटी वर्गणी काढली.

दुसऱ्या दिवशी सरांनी १२३४५६७९ दिला. यातही आठ नाही, आणि नवानं गुणलं की नऊ एक! ६३ नं गुणलं तर नऊ सात. त्याचे अवयव ३७ आणि ३३३६६७. हा दुसरा आणखी फुटतो का, हे बघायला ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं. माझे दोन रविवार रंकाळ्याच्या कट्ट्यावर त्यात गेले. फुटत नाही.

आता उद्यमनगरात माझं लेथचं काम आहे. टेबलावरच्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर कधीमधी दहा एकांचा वर्ग टाकून बघतो. कोपऱ्यात नुसता 'ई' येतो. मग चलनाच्या पाठीवर दहा ओळी मांडायला घेतो.