मागचे पाय ओढणारा फेरेट आणि ४२ साखर

अमेरिकेतल्या आमच्या दवाखान्यात साडेचार वर्षांचा, खच्ची केलेला नर फेरेट (मुंगसासारखा दिसणारा, लांबुडका पाळीव प्राणी) आला तो मागचे पाय फरफटतच. सोफ्यावरून पडला असावा, पाठीचा एक्स-रे काढा, असं मालकीणबाईंचं म्हणणं. मागचा पंजा उलटा करून टेबलावर टेकवला, तर त्याने तो लगेच सरळ केला. बोटं चिमटल्यावर पाय झटकन ओढून घेतला. मणक्याचं दुखणं असतं तर सहसा इथेच काहीतरी मंदावलेलं सापडतं. शिवाय हनुवटी लाळेने भिजलेली आणि नजर शून्यात लागलेली. एक्स-रेआधी साखर तपासली: ४२.

फेरेटची उपाशीपोटी साखर साधारण ९० ते १२५ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर असते. ६०च्या खाली उतरली की इन्सुलिनोमाचा, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीचा दाट संशय घ्यायचा. माणसांचं ग्लुकोमीटर फेरेटची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून नमुना लॅबच्या यंत्रावरही लावला. पण लक्षणं समोर असताना उपचार त्यासाठी अडवायचे नसतात. कापसाच्या काडीने हिरड्यांना कॉर्न सिरप चोळलं. बोटाने चोळू नये, गुंगीतला फेरेट कडकडून चावतो. तो सावध होताच मांसाचं मऊ खाणं दिलं. थोड्याच वेळात तो चारही पायांवर चालत होता!

अशक्त वाटतो म्हणून घरी केळं आणि मनुका चालू होत्या. दुखणं वाढत होतं ते यानेच. गोड पोटात गेलं की गाठ आणखी इन्सुलिन सोडते आणि साखर पुन्हा कोसळते. गोड पूर्ण बंद केलं, दर चार तासांनी मांसाहार आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. शस्त्रक्रियेचा पर्यायही सांगितला. मात्र बारीक गाठी मागे राहतात आणि आजार बऱ्याचदा उलटतो.

प्रत्येक लुळा पाय साखरेचा नसतो. येऊन-जाऊन असणारी कमजोरी बहुधा साखरेची किंवा हृदयाची. सतत टिकणारी, पंजा उलटा पडणारी असेल तर मणक्याची चकती, मार किंवा गाठ शोधावी. नसबंदी न झालेली मादी दीर्घकाळ माजावर राहिली तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्त तयार करणारी अस्थिमज्जा दाबून टाकतं, त्यातूनही कमजोरी येते. तिच्या हिरड्या पांढुरक्या पडलेल्या दिसतात. प्लीहा वाढलेली हाताला लागली, तरी तेवढ्यावर निदान ठरवू नये, वयस्क फेरेटमध्ये ती अनेकदा वाढलेली असतेच.

मालकीणबाईंना एक गोष्ट मी लिहूनच दिली: झटके (फिट) येत असतील तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. सिरप फक्त हिरड्यांना लावायचं आणि तडक दवाखाना गाठायचा.